‘एकच मनुष्य दगावला’ : लुईस-क्लार्क मोहिमेतील वैद्यकाच्या मूल्यमापनाचा प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीपलीकडे गेलेल्या आरंभीच्या शोधमोहिमांत कॅप्टन मेरिवेदर लुईस आणि कॅप्टन विल्यम क्लार्क यांच्या मोहिमेचे स्थान सर्वपरिचित आहे. १४ मे १८०४ रोजी मिसूरी नदीतून वर निघालेली ही तुकडी पॅसिफिक महासागर पाहून २३ सप्टेंबर १८०६ रोजी सेंट लुईस येथे परतली. तुकडीत वैद्य नव्हता. औषधोपचार दोघे कॅप्टनच करीत, आणि केलेल्या उपचारांची नोंद आपल्या रोजनिशीत ठेवीत. अठ्ठावीस महिन्यांच्या या प्रवासात तुकडीतील एकच मनुष्य मृत्यू पावला. या वस्तुस्थितीचा अभ्यासकांवर एवढा प्रभाव पडला आहे, की एल्डन शुइनार्ड या शल्यतज्ज्ञाने मोहिमेच्या वैद्यकीय अंगावर १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत ग्रंथाचे शीर्षकच ‘एकच मनुष्य दगावला’ अशा अर्थाचे आहे.

या विषयावरील लेखनात सामान्यतः दोन प्रवृत्ती दिसतात. पहिली गौरवाची. तिच्या मते, ज्याअर्थी माणसे जगली त्याअर्थी वैद्यकी उत्तम होती. दुसरी उपहासाची. ती तुकडीबरोबरच्या जालीम रेचक गोळ्यांचे आणि शीर तोडून रक्त काढण्याच्या प्रथेचे वर्णन करून वाचकाला हसविते. या दोन्ही प्रवृत्तींत एक उणीव समान आहे. रोजनिशीतील वैद्यकीय नोंद ही कशाचा पुरावा आहे, हा प्रश्न त्यांपैकी कोणतीही पुरेशा कसोशीने विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तो प्रश्न विचारावयाचा आहे.

१

प्रथम सिद्धतेचा विचार करू. १८०३ च्या वसंतात राष्ट्राध्यक्ष जेफर्सन याने लुईसला फिलाडेल्फिया येथे धाडले. तेथे डॉ. बेंजामिन रश या त्या काळी अमेरिकेत सर्वाधिक ख्याती पावलेल्या वैद्याने त्याला मार्गदर्शन केले. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत रशने रक्तमोक्षण आणि तीव्र रेच या दोन उपायांचा हिरिरीने पुरस्कार केला होता. सर्व रोगांचे मूळ एकच, ते म्हणजे रक्तवाहिन्यांतील विकृत ताण, असा त्याचा सिद्धान्त होता. मूळ एकच असेल तर उपायही थोडकेच असावयाचे, हे त्यावरून ओघानेच आले.

२६ मे १८०३ रोजी फिलाडेल्फियातील एका औषधविक्रेत्याकडून ९० डॉलर ६९ सेंट किमतीची सामग्री खरेदी करण्यात आली. तिच्यात १५ पौंड सिंकोनाच्या सालीची पूड होती, आणि एकूण किमतीचा सुमारे तिसरा हिस्सा तिच्यावरच खर्च झाला. शिवाय रशच्या ५० डझन गोळ्या, अफू, वमनाची औषधे, पाऱ्याचे मलम, नस्तरे, दात काढण्याचा चिमटा आणि गुप्तरोगावरील उपचारासाठी पिचकाऱ्या होत्या. रशच्या गोळीत कॅलोमेल नावाचा पाऱ्याचा क्षार आणि जालप या मेक्सिकन मुळीची पूड असे. लोकांनी तिला मेघगर्जनेवरून विनोदी नाव दिले होते.

या यादीच्या जोडीला आणखी एक कागद वाचावयास हवा. लुईसने मोहिमेच्या खर्चाचा जो प्रारंभिक अंदाज केला होता, त्यात एकूण २,५०० डॉलरपैकी औषधांसाठी ५५ डॉलर आणि मूळ रहिवाशांना द्यावयाच्या भेटवस्तूंसाठी ६९६ डॉलर धरले होते. औषध हे तुकडीच्या स्वतःच्या उपयोगासाठी आणि भेटवस्तू परक्यांसाठी, अशी ही विभागणी होती. परतीच्या प्रवासात ही विभागणी कशी मोडली, हे पुढे दिसेलच.

येथे लुईसच्या दुसऱ्या शिक्षणाचाही उल्लेख करणे अवश्य आहे. त्याची आई ल्यूसी मार्क्स ही व्हर्जिनियात वनौषधींची जाणकार म्हणून ओळखली जात असे. रशचा सिद्धान्त आणि आईचा अनुभव या दोन परंपरा लुईसच्या ठायी शेजारी-शेजारी नांदत होत्या, आणि रोजनिशी वाचताना त्यांतील कोणती परंपरा कोणत्या क्षणी बोलते आहे हे ओळखता येते.

२

आता त्या एका मृत्यूकडे वळू. सार्जंट चार्ल्स फ्लॉइड २० ऑगस्ट १८०४ रोजी, आज सू सिटी हे नगर वसले आहे त्याच्या परिसरात, मरण पावला. क्लार्कने त्याच्या दुखण्याला पित्तशूळाच्या अर्थाचे नाव दिले आहे. आधुनिक वैद्यांचा सामान्य तर्क असा, की फ्लॉइडच्या आंत्रपुच्छाचा दाह होऊन ते फुटले असावे. हा रोग स्वतंत्रपणे ओळखून त्याचे विवेचन रेजिनाल्ड फिट्झ याने १८८६ मध्ये केले. म्हणजे १८०४ मध्ये फिलाडेल्फियाच्या रुग्णालयातही फ्लॉइड वाचण्याची आशा फारशी नव्हती. तेव्हा या मृत्यूचा दोष कॅप्टनांकडे जात नाही, असे गौरवपक्ष म्हणतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच न्यायाने पुढचे पाऊलही टाकावयास हवे. एका मृत्यूचा दोष जर वैद्यकीकडे जात नसेल, तर इतरांच्या जगण्याचे श्रेयही तिच्याकडे आपोआप जात नाही. निवडून घेतलेले धट्टेकट्टे तरुण, पटाईत शिकारी, आणि मँडन, शोशोनी, नेझ पर्स इत्यादी लोकांनी वेळोवेळी पुरविलेले अन्न ही या जगण्याची अधिक ढोबळ, पण अधिक खात्रीची कारणे आहेत.

फ्लॉइडच्या प्रकरणात पुराव्याचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. लुईसची या काळातील सलग रोजनिशी उपलब्ध नाही. क्लार्कच्या नोंदीवरून रोग्याच्या पोटात काहीच टिकत नव्हते एवढे कळते. कोणते औषध दिले याचा तपशील मिळत नाही. मात्र फ्लॉइड स्वतः रोजनिशी लिहीत असे, आणि ३१ जुलैच्या नोंदीत आपण काही काळ फार आजारी होतो, आता बरे झालो, असे त्याने लिहून ठेवले आहे. मृत्यूच्या तीन आठवडे आधीची ही नोंद कॅप्टनांच्या निदानापेक्षा आजच्या वैद्याला अधिक उपयोगाची वाटेल. आणखी एक गोष्ट क्लार्कच्या लेखणीतून सहज उतरली आहे. आजाऱ्याची शुश्रूषा सर्वांनीच केली, पण मुख्यत्वे केली ती यॉर्कने. यॉर्क हा क्लार्कचा गुलाम होता. वैद्यकीच्या इतिहासात औषध देणाऱ्याचे नाव राहते, उशाशी बसणाऱ्याचे राहत नाही. येथे ते अपवादाने राहिले आहे, आणि तरीही मूल्यमापनात त्याची गणना क्वचितच होते.

‘एकच’ या शब्दाविषयीही एक शंका उपस्थित करणे आवश्यक आहे. २७ जुलै १८०६ रोजी लुईसच्या छोट्या पथकाची ब्लॅकफीट तरुणांशी झटापट झाली व त्यात दोन तरुण मारले गेले. शुइनार्डचे शीर्षक अर्थातच तुकडीपुरते आहे, त्यात लबाडी नाही. पण मोहिमेच्या हिशेबात माणूस म्हणून कोण धरले जाते, ते या शीर्षकावरून ध्यानात येते.

३

इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरींपेक्षा समकालीन अस्सल कागदांना प्रमाण मानण्याचा जो आग्रह धरला, तो मराठी संशोधकाच्या अंगवळणी पडलेला आहे. लुईस-क्लार्क रोजनिशी हा अस्सल कागदच होय. तथापि वैद्यकीय नोंदीच्या बाबतीत ‘अस्सल’ या शब्दाची व्याप्ती तपासून घ्यावी लागते. अशा नोंदीत सामान्यतः तीन प्रकारची विधाने असतात : काय केले, पुढे काय झाले, आणि ते कशामुळे झाले. पहिल्या दोहोंना समकालीन साक्षीचे मोल आहे. तिसरे विधान मात्र अनुमान असते, आणि ते लिहिणाऱ्याच्या सिद्धान्ताइतकेच विश्वसनीय असते.

लुईसला हा भेद मुळीच कळत नव्हता असे नाही. ११ फेब्रुवारी १८०५ रोजी फोर्ट मँडन येथे सॅकागविया ही शोशोनी तरुणी प्रसूतिवेदनांनी तळमळत होती. जुसोम नावाच्या दुभाष्याच्या सांगण्यावरून लुईसने रॅटलस्नेक सर्पाच्या शेपटीतील खुळखुळ्याचे दोन तुकडे कुस्करून पाण्यातून तिला दिले. दहा मिनिटांच्या आत मूल जन्मले. लुईसने ही घटना नोंदविली, पण तिचे कारण हे औषधच होते की नाही याचा निर्णय राखून ठेवला. पुन्हा प्रयोग करून पाहण्यासारखा हा उपाय आहे, मात्र त्याच्या गुणावर आपला विश्वास बसत नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. औपचारिक वैद्यकशिक्षण न घेतलेल्या सैनिकाने दाखविलेला हा संयम रशसारख्या विख्यात वैद्याला साधला नव्हता.

हाच लुईस पुढे काय करतो ते पाहू. ११ जून १८०५ रोजी मिसूरीच्या मोठ्या धबधब्यांच्या वाटेवर असताना त्याच्या पोटात असह्य कळा येऊन ताप भरला. औषधांची पेटी मागे राहिली होती. त्याने चोकचेरी या रानझुडपाच्या डहाळ्या उकळून कडू काढा केला आणि तासाभराच्या अंतराने दोनदा घेतला. रात्री दहापर्यंत वेदना थांबल्या. या वेळी आपण प्रयोग करीत आहोत याची जाणीव त्याच्या लेखनात स्पष्ट आहे, परंतु उताराचे श्रेय तो काढ्याला निःशंकपणे देतो. खुळखुळ्याविषयी जी शंका त्याला सुचली, ती काढ्याविषयी सुचली नाही, कारण काढा हा त्याच्या घरच्या परंपरेतला होता. पोटशूळ कित्येकदा काही तासांत आपोआपही शमतो, ही शक्यता त्याच्या नोंदीत येत नाही.

त्याच आठवड्यात सॅकागविया गंभीर आजारी पडली. लुईस पुढे गेलेला असल्याने क्लार्कने तिच्यावर उपचार केले. त्याने एकाहून अधिक वेळा तिची शीर तोडली, सालीच्या पुडीची पोटिसे बांधली. प्रकृती ढासळतच गेली. १६ जून रोजी लुईस येऊन पोहोचला. नाडी अत्यंत क्षीण आणि अनियमित, बोटांना झटके, अशी अवस्था त्याने लिहून ठेवली आहे. त्याने साल व अफू दिली, आणि नदीपलीकडच्या गंधकाच्या झऱ्याचे पाणी आणवून तिला पाजले. नाडी सुधारली. पुढे काही दिवसांनी खाण्यापिण्याचे पथ्य मोडल्याने पुन्हा ताप आला, पण ती बरी झाली. तिला नेमके काय झाले होते याविषयी आजच्या वैद्यांत एकमत नाही. रक्त काढल्याने व तापाने शोषलेल्या शरीराला पाणी मिळाले, हीच कदाचित सर्वांत उपकारक गोष्ट असेल. रोजनिशीत मात्र पाण्याचे महत्त्व त्यातील गंधकामुळे आणि लोहामुळे आहे. कृती व परिणाम यांची नोंद विश्वसनीय आहे; कारणाची नोंद ही व्हर्जिनियातील खनिज झऱ्यांवर असलेल्या त्या काळच्या श्रद्धेची नोंद आहे.

या प्रसंगात लुईसने आपल्या चिंतेची कारणेही लिहिली आहेत. तान्ह्या मुलाची आई म्हणून तिच्याविषयी कळवळा, हे पहिले. शोशोनी लोकांशी घोड्यांचा व्यवहार जुळवून आणण्यास तिच्यावाचून दुसरा आधार नाही, हे दुसरे. काही टीकाकार दुसऱ्या कारणावरून लुईसला स्वार्थी ठरवितात. हा निवाडा घाईचा आहे. दोन्ही कारणे त्याने एकाच वाक्यात निःसंकोच मांडली, म्हणूनच तर आपल्याला ती दिसतात. उणीव आहे ती वेगळ्या ठिकाणी. औषध घेण्यास सॅकागवियाने नकार दिल्याचे क्लार्क लिहितो, पण त्या नकारामागे काय होते ते कोठेच येत नाही. या सबंध वैद्यकीय वाङ्मयात रोग्याचा आवाज बहुधा असाच, वैद्याला आलेल्या अडचणीच्या रूपाने ऐकू येतो.

४

१८०६ च्या वसंतात तुकडी परतीच्या वाटेवर नेझ पर्स लोकांच्या प्रदेशात आली तेव्हा तिच्याजवळ व्यापाराचा माल जवळजवळ संपला होता. आदल्या शरद ऋतूत क्लार्कने तेथील एका मनुष्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर व मांडीवर चोळण्यास औषध दिले होते आणि तो मनुष्य चालू लागला होता. तेवढ्यावरून क्लार्कची कीर्ती झाली. ५ मे रोजी डोळ्यांच्या औषधाच्या एका कुपीच्या बदल्यात त्याला एक उमदी करडी घोडी मिळाली. हे औषध म्हणजे जस्ताचा सल्फेट व शिशाचा ॲसिटेट यांचे पाण्यातील मिश्रण होते. एका प्रमुखाच्या पत्नीच्या पाठीवरील गळू क्लार्कने फोडले. ती कित्येक दिवसांनी प्रथमच शांत झोपली, आणि मोबदल्यात आलेला घोडा तुकडीने मारून खाल्ला.

याच दिवसाच्या नोंदीत संपूर्ण रोजनिशीतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय उतारा आहे. लुईस लिहितो त्याचा आशय असा : या लोकांचा आपल्या वैद्यकीवर वाजवीपेक्षा अधिक विश्वास आहे. आजच्या स्थितीत ही फसवणूक चालू ठेवणे क्षम्य मानावे, कारण मोबदल्यावाचून ते अन्न देणार नाहीत आणि आपल्याजवळ माल उरलेला नाही. अपाय होईल असे काही मात्र आपण देत नाही. क्लार्कच्या रोजनिशीतही हाच मजकूर आढळतो. पण त्या काळात क्लार्क लुईसच्या नोंदी बहुतांशी उतरवून घेत असल्याने हे दोन स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. गॅरी मोल्टन याच्या संपादनाखाली १९८३ ते २००१ या काळात तेरा खंडांत निघालेल्या आवृत्तीमुळे अशी तुलना आता कोणाही विद्यार्थ्याला करता येते.

या उताऱ्याचा अर्थ काय करावयाचा? गौरवपक्ष शेवटच्या वाक्यावर भर देतो, निंदापक्ष ‘फसवणूक’ या शब्दावर. वास्तविक येथे लुईसने आपल्या विद्येची मर्यादा नेमकी सांगितली आहे. औषधांचा गुण आणि औषधांवरील श्रद्धा या दोन निराळ्या गोष्टी असून आपण दुसरी विकत आहोत, हे त्याला पक्के ठाऊक आहे. रशच्या गोळ्या स्वतःच्या माणसांना देताना हे ज्ञान त्याला होत नाही; परक्यांना औषध विकताना होते. श्रद्धा दुसऱ्याची असली की ती दिसते, स्वतःची असली की तिला शास्त्र म्हटले जाते. शिवाय ‘अपाय नाही’ ही ग्वाहीही त्या काळच्या ज्ञानाइतकीच पक्की होती, कारण शिसे विषारी आहे हे आज प्रत्येकाला ठाऊक आहे. औषध आणि भेटवस्तू यांची फिलाडेल्फियात केलेली विभागणी येथे संपूर्णपणे मोडली. औषध हेच चलन झाले.

तरीही हा व्यवहार एकतर्फी लबाडीचा होता असे म्हणता येत नाही. त्याच मुक्कामातील दोन रुग्णांची हकीकत पाहावी. विल्यम ब्रॅटन हा सैनिक फेब्रुवारीपासून कंबरेच्या दुखण्याने पंगू झाला होता. कॅप्टनांचे सर्व उपाय हरले. तेव्हा जॉन शील्ड्स या तुकडीतील लोहाराने घाम काढण्याचा उपाय सुचविला. २४ मे रोजी खड्डा खणून तापविला, ब्रॅटनला आत बसवून पाण्याची वाफ दिली, मधून थंड पाण्यात बुडविले, रानपुदिन्याचा काढा पाजला. दुसऱ्या दिवशी तो हिंडूफिरू लागला. ते पाहून, कित्येक वर्षे हातपाय न हलणाऱ्या एका नेझ पर्स प्रमुखावरही तोच उपाय करण्यात आला. त्याला बसता येईना, म्हणून त्याचा वृद्ध पिता त्याला धरून स्वतः खड्ड्यात बसला. काही दिवसांत त्याचे हात, मग पाय हलू लागले. विजेचा उपचार जवळ नसल्याची खंत लुईसने या रुग्णाविषयी व्यक्त केली आहे. विद्या कॅप्टनांकडून खाली सैनिकांकडे वाहत होती असा समज ब्रॅटनच्या प्रकरणाने खोटा ठरतो, आणि नेझ पर्स लोक निव्वळ भोळे गिऱ्हाईक होते हा समज त्या पित्याच्या कृतीने खोटा ठरतो. नातलगाने उपचारात घेतलेला हा वाटा रोजनिशीने जपला, ही तिची मोठीच कामगिरी आहे.

५

अखेरचा मुद्दा रोजनिशीत नसलेल्या नोंदीचा आहे. देवीच्या रोगाने पश्चिमेकडील लोकांचा केलेला संहार तुकडीने डोळ्यांनी पाहिला. ओमाहा लोकांचे ओसाड गाव ऑगस्ट १८०४ मध्ये तिच्या वाटेवर लागले, आणि कोलंबिया नदीच्या काठी देवीचे वण असलेली स्त्री क्लार्कला भेटली. जेन्नरने १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लसीचा जेफर्सन हा उत्साही पुरस्कर्ता होता. १८०१ मध्ये त्याने आपल्या घरच्या व शेजारच्या माणसांना लस टोचविली होती. लस बरोबर न्यावी आणि तिचा उपयोग मूळ रहिवाशांना समजावून सांगावा, असा त्याचा लुईसला आदेश होता. परंतु ३ ऑक्टोबर १८०३ रोजी, मोहिमेचा खरा आरंभ होण्यापूर्वीच, लुईसने सिनसिनाटीहून कळविले की बरोबरची लस निर्जीव झाली आहे, नवी पाठवावी. पुढे रोजनिशीत कोणालाही लस टोचल्याचा उल्लेख नाही.

लांबच्या प्रवासात लस टिकविणे त्या काळी अशक्य होते, असे समर्थन यावर करता येईल. पण तीच लस बगदाद व बसरा या मार्गाने, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर नेत, मुंबईला पोहोचली होती. १४ जून १८०२ रोजी तेथे ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वीपणे टोचण्यात आली. लुईसच्या पत्रानंतर दोनच महिन्यांनी, ३० नोव्हेंबर १८०३ रोजी, स्पेनच्या बाल्मिस मोहिमेने बावीस अनाथ मुलांच्या दंडांवरून लस अटलांटिकपार नेण्यास प्रस्थान ठेवले. या मुलांच्या संमतीचा प्रश्न आज आपल्याला अस्वस्थ करील, आणि तो करावाच. येथे मुद्दा एवढाच, की उपाय ज्ञात होता, पण त्यासाठी माणसांची साखळी हेच मोहिमेचे मुख्य कार्य मानावे लागत असे. लुईस-क्लार्क मोहिमेचे मुख्य कार्य मार्ग, व्यापार आणि सत्ता हे होते. लस त्या कार्याच्या कडेला ठेवलेली होती, आणि कडेलाच ती निर्जीव झाली.

१८०५ मध्ये लस टिकली असती तर पुढचा अनर्थ टळला असता, असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्तीचे होईल. एका पिढीला टोचलेली लस पुढच्या पिढीचे रक्षण करीत नाही. परंतु १८३२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मूळ रहिवाशांच्या लसीकरणासाठी १२,००० डॉलर मंजूर केले, तेव्हाही मिसूरीच्या वरच्या भागातील मँडन लोक त्या योजनेबाहेरच राहिले. १८३७ मध्ये व्यापारी कंपनीच्या आगबोटीबरोबर देवी वर आल्या आणि मँडन समाजातील फारच थोडी माणसे वाचली. १८०४-०५ च्या हिवाळ्यात तुकडीला मका पुरवून जगविणारे लोक ते हेच.

सारांश, या मोहिमेतील वैद्यकीचे मूल्य मृतांच्या संख्येवरून ठरविता येत नाही, तसेच रशच्या गोळ्यांना हसूनही ठरविता येत नाही. गळू फोडणे, वेदनेवर अफू, विश्रांती, ऊब आणि पाणी हे तिच्यातील काही खरोखर गुणकारी उपाय होते; रक्तमोक्षण आणि पाऱ्याचे रेच हे बहुधा अपायकारक होते. तिचे खरे वैशिष्ट्य असे, की कृती आणि परिणाम यांची नोंद तिने बऱ्याच प्रामाणिकपणे केली आणि आपल्या अप्रामाणिकपणाचीही केली. विद्यार्थ्याने हा कागद वाचताना कृती, परिणाम आणि कारण ही तीन विधाने वेगळी काढावीत, नोंद स्वतंत्र आहे की उतरवून घेतलेली ते पाहावे, आणि नोंद कोणाविषयी नाही हेही विचारावे. ‘एकच मनुष्य दगावला’ हे विधान तुकडीच्या हजेरीपटापुरते खरे आहे. त्या हजेरीपटाबाहेरच्या माणसांचा हिशेब त्यात नाही, आणि तो मांडणे हे इतिहासकाराचे काम आहे.